एंटर दाबल्यावर काय व्हावे? एडिटरमधील ऑटोकम्प्लीट बदलते तेव्हा

जळगावहून धरणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जिनिंगसाठी कापसाच्या वजनाचा आणि पावत्यांचा हिशोब ठेवणारा लहानसा प्रोग्राम मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. दिवाळी उलटली की काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या दिवसांत प्रोग्राममध्ये काही दुरुस्ती करायची झाली तर ती पहाटे, पहिली गाडी येण्याआधी करावी लागते. अशाच एका पहाटे मी फक्त एक ओळ बदलली आणि चाचणीसाठी वीस क्विंटलची एक खोटी पावती काढली. ओलाव्याची घट दोन टक्के धरली होती. पावती मुनीमजींच्या हातात गेली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती दोनदा वाचली आणि विचारले, “भाऊ, वीस क्विंटलले दोन टक्काना चाळीस किलो जातस, आठे एकोणऐंशी कसा ग्यात?”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. २,००० किलोतून दोन टक्के वजा केले की १,९६० किलो उरायला हवेत, आणि पावतीवर १,९२०.८ किलो छापले गेले होते. म्हणजे घट दोनदा वजा झाली होती. क्विंटलला सात हजार रुपये भाव धरला तर एका शेतकऱ्याच्या पदरी २,७४४ रुपये कमी पडले असते. प्रोग्रामने कोणतीही चूक दाखवली नव्हती, आणि मीही चुकीचे काही टाइप केले नव्हते. मी ‘वजन’ असे लिहून एंटर दाबले होते. प्रत्यक्ष फाइलमध्ये मात्र ‘वजन_पक्के’ असे उमटले होते. (प्रोग्राममध्ये ही नावे रोमन लिपीत असतात, येथे ती देवनागरीत देत आहे.) ‘वजन’ म्हणजे काट्यावर दिसलेले पूर्ण वजन आणि ‘वजन_पक्के’ म्हणजे घट वजा जाऊन राहिलेले. पुढची पायरी स्वतःच घट वजा करत असल्याने तिला पूर्ण वजन मिळणे आवश्यक होते.

आदल्या संध्याकाळी माझ्या एडिटरने स्वतःला अद्ययावत करून घेतले होते आणि त्यात शब्द पुरा करून देण्याच्या सोयीचे, म्हणजे ऑटोकम्प्लीटचे, दोन नियम बदलले होते. ते एडिटर कोणते हे मुद्दामच सांगत नाही, कारण हा प्रकार कोणत्याही एडिटरमध्ये घडू शकतो. त्या दोन नियमांनी मिळून काय केले हे समजायचे असेल तर ही सोय आतून कशी चालते ते आधी पाहावे लागेल.

टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचे साधन. प्रोग्राम लिहिणारे लोक दिवसभर त्यातच असतात, पण याद्या, टिपणे आणि वेबसाइटचा मजकूर लिहिणारेही ते वापरतात. आपण शब्दाची दोन-तीन अक्षरे लिहिली की कर्सरच्या खाली एक छोटी यादी उघडते आणि त्यातला हवा तो शब्द निवडला की उरलेली अक्षरे आपोआप येतात. बाहेरून ही एकच सोय दिसते. आत मात्र तिचे चार स्वतंत्र निर्णय असतात: यादीत शब्द कोठून आणायचे, यादी केव्हा उघडायची, तिच्यात वर कोणाला बसवायचे आणि कोणते बटण दाबले म्हणजे निवड झाली असे समजायचे. अपडेटने बदल होतो तो या चारांपैकी एखाद्यात. सगळ्यात जास्त त्रास चौथ्यातल्या बदलाने होतो, म्हणून मी त्यावरच अधिक थांबणार आहे.

शब्द आणण्याची सर्वांत जुनी आणि साधी पद्धत म्हणजे उघड्या फाइलमध्ये आधी आलेले शब्द गोळा करणे. विम या एडिटरमध्ये कंट्रोल-एन दाबल्यावर हेच होते, आणि ईमॅक्समध्येही यासाठी वेगळी आज्ञा आहे. दुसरी पद्धत अधिक शहाणी असते. त्यात एडिटरबरोबर एक वेगळा प्रोग्राम मागे चालत असतो. तो तुमची सगळी फाइल भाषेच्या व्याकरणासह वाचतो आणि या जागी कोणती नावे बसू शकतात ते सांगतो. या मागच्या प्रोग्रामला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. एडिटर आणि तो यांच्यात कसे बोलणे व्हावे याचा एक सामायिक नियमसंच मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह जाहीर केला. तेव्हापासून एकाच भाषेसाठीचा सर्व्हर वेगवेगळ्या एडिटरांना वापरता येऊ लागला. तिसरी पद्धत म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने पुढची अख्खी ओळ सुचवणे. गिटहब कोपायलट जून २०२१ मध्ये चाचणीसाठी खुले झाल्यानंतर ती सर्वांच्या ओळखीची झाली.

यादी केव्हा उघडावी या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि माझ्या मते आजच्या तक्रारींचे मूळ त्यातच आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत टेनेक्स नावाची एक संगणक-प्रणाली होती. तिच्यात अर्धी आज्ञा लिहून एस्केपचे बटण दाबले की प्रणाली उरलेली आज्ञा पुरी करून देत असे. ही कल्पना पुढे युनिक्स या संगणक-प्रणालीवरच्या एका कमांड-शेलमध्ये, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा घेऊन त्या चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आली. त्या शेलचे नाव टी-सी-शेल असे पडले आणि त्यातला ‘टी’ टेनेक्सची आठवण म्हणून आहे. आज लिनक्सवर टॅब दाबून फाइलचे नाव पुरे करणारा प्रत्येक जण नकळत त्याच परंपरेत आहे. या जुन्या पद्धतीत एक गोष्ट निश्चित होती: माणसाने मागितल्याशिवाय यंत्र काही पुरे करत नसे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘इंटेलिसेन्स’ आणले. वस्तूच्या नावापुढे टिंब दिले की यादी स्वतःहून उघडू लागली. तेथून हळूहळू प्रत्येक अक्षरागणिक यादी उघडण्याची सवय रूढ झाली. नवशिक्यासाठी ही मोठी मदत असते, आणि ती मी नाकारत नाही. चोपड्याहून आणि पारोळ्याहून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनी अनेक आज्ञा पुस्तकातून नव्हे, या यादीतूनच शिकल्या आहेत.

यादीत वर कोण बसणार, हा तिसरा निर्णय. पूर्वी फक्त सुरुवातीची अक्षरे जुळलेले शब्द यादीत येत. आता बहुतेक एडिटर सैल जुळणी करतात: ‘शेक’ लिहिले तरी ‘शेतकरी’ सापडतो, कारण ती अक्षरे त्याच क्रमाने त्या शब्दात आहेत. जुळणी सैल झाली की यादी लांबते आणि तिला क्रम लावण्याचे नियम अधिक महत्त्वाचे होतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये यासाठी तीन पर्याय मिळतात: नेहमी सर्वांत वरचाच निवडलेला दाखवणे, अलीकडे वापरलेला शब्द निवडलेला दाखवणे, किंवा हीच सुरुवातीची अक्षरे लिहिल्यावर मागच्या वेळी जो घेतला होता तो दाखवणे. तिन्ही पर्याय आपापल्या जागी योग्य आहेत. फरक इतकाच की पहिल्यात तुम्ही यादीचा अंदाज बांधू शकता आणि इतर दोघांत यादीचे वागणे कालच्या कामावर अवलंबून राहते.

आता चौथा निर्णय. यादी उघडी असताना एक शब्द निळ्या किंवा करड्या पट्टीत निवडलेला दिसतो. तो मजकुरात उतरवायला कोणते बटण चालावे? टॅब, एंटर की दोन्ही? अनेक एडिटरांत स्पेस, टिंब, अर्धविराम किंवा कंस दिल्यानेही निवड पक्की होते आणि मग ते चिन्ह पुढे उमटते. अशा चिन्हांना ‘कमिट कॅरेक्टर’ म्हणतात. शब्दाच्या मधोमध कर्सर असेल तर आणखी एक पेच येतो, तो म्हणजे कर्सरनंतरची अक्षरे ठेवायची की पुसायची. इंटेलिजे या एडिटरमध्ये एंटरने ती राहतात आणि टॅबने ती पुसून त्या जागी नवा शब्द बसतो. हे ज्याला माहीत आहे त्याला ती सोय वाटते, आणि ज्याला माहीत नाही त्याला शब्दाचे शेपूट दोनदा आलेले दिसते.

टॅब आणि एंटर यांत वरवर पाहता काही फरक वाटत नाही, पण फरक फार खोल आहे. ओळीच्या मधोमध टॅब दाबण्याचे कारण क्वचितच पडते. त्यामुळे तेथे टॅब दाबला म्हणजे माणसाला यादीतला शब्द हवा आहे असे मानणे बहुधा बरोबर ठरते. एंटरचे तसे नाही. एंटरला आधीपासून एक पक्के काम आहे, आणि लिहिणारा ते ओळीगणिक करून घेत असतो: ही ओळ संपली, पुढची द्या. तेच बटण निवडीलाही चालू लागले की त्याचे दोन अर्थ होतात आणि त्या क्षणी कोणता लागू आहे हे यादी उघडी आहे की नाही यावरून ठरते. म्हणजे आपल्या बोटाने काय केले हे बोटाला नव्हे, पडद्याला माहीत असते.

कोणी म्हणेल की यादी डोळ्यासमोरच असते, मग पाहून दाबावे. येथे थोडा हिशोब करू. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षांत मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांचे आणि इंग्रजीसाठी ६० शब्दांपर्यंतचे टप्पे आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे येथील टायपिंगच्या क्लासमधून ही परीक्षा दिलेले शेकडो लोक आज कार्यालयांत काम करतात. इंग्रजीत सरासरी पाच अक्षरांचा एक शब्द धरतात, म्हणून मिनिटाला ६० शब्द म्हणजे ३०० अक्षरे आणि दोन अक्षरांमध्ये २०० मिलिसेकंद. डोळ्यासमोर अचानक काही आले तर ते ओळखून हात हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि तेही त्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला. शेवटचे अक्षर लिहिल्यावर यादी उघडायला व्हिज्युअल स्टुडिओ कोडची ठरलेली वाट १० मिलिसेकंदांची आहे. तेव्हा सफाईने टाइप करणाऱ्याच्या बाबतीत घटनांचा क्रम असा लागतो: शेवटचे अक्षर, यादी, एंटर, आणि मग यादी दिसल्याची जाणीव. ज्याचा हात जितका चांगला बसलेला, तितका तो या सापळ्यात हमखास अडकतो. मुनीमजींसारखा एका बोटाने टाइप करणारा माणूस यातून सुखरूप सुटतो, कारण तो प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे पाहतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. यादी पुरवणारा लँग्वेज सर्व्हर एडिटरच्या मागे स्वतंत्रपणे चालतो, म्हणून त्याचे उत्तर कधी २० मिलिसेकंदांत येते तर कधी अर्ध्या सेकंदाने. फाइल मोठी असेल, संगणक जुना असेल किंवा शेजारी दुसरे जड काम चालू असेल तर उशीर वाढतो. जिनिंगच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावर तीच अक्षरे त्याच वेगाने लिहून मी एंटर दाबला तर यादी अजून उघडलेली नसते आणि नवी ओळ मिळते. घरच्या नव्या संगणकावर यादी आधीच उघडलेली असते आणि भलताच शब्द मिळतो. बोटांनी केलेले काम दोन्हीकडे एकच असूनही फळ वेगळे येते. एखादे साधन नेहमी चुकीचे वागत असेल तर माणूस त्याच्याशी जुळवून घेतो, पण ते कधी असे आणि कधी तसे वागू लागले तर जुळवून घेण्यासारखे काही उरत नाही.

आता माझ्या पावतीकडे परत येऊ. त्या एडिटरमध्ये पूर्वी यादी उघडी असली तरी एंटरने सरळ नवी ओळ मिळत असे आणि शब्द घ्यायला टॅब लागत असे. नव्या आवृत्तीत एंटरलाही शब्द घेण्याचा अधिकार मिळाला. एवढ्यानेच बिघडले नसते, कारण ‘वजन’ लिहिल्यावर तंतोतंत जुळणारा ‘वजन’ हाच वर असायचा. तोच शब्द पुन्हा बसला असता आणि फार तर नवी ओळ मिळायला एंटर दुसऱ्यांदा दाबावे लागले असते. पण त्याच आवृत्तीत अलीकडे वापरलेला शब्द वर आणण्याचा नियमही आला होता, आणि आदल्या दिवशी मी ‘वजन_पक्के’ बऱ्याचदा वापरले होते. दोन्ही नियम एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी आहेत, पण एकत्र आल्यावर त्यांनी मी पूर्ण लिहिलेला, बरोबर शब्द बदलून टाकला. दोन्ही नावे प्रोग्राममध्ये अस्तित्वात असल्याने पायथॉनला, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला आहे तिला, तक्रार करण्यासारखे काही नव्हते. टायपिंगच्या चुकीने अस्तित्वात नसलेले नाव तयार झाले तर प्रोग्राम थांबतो आणि आपण सावध होतो. ऑटोकम्प्लीटची चूक मात्र नेहमी खऱ्या, नीट स्पेलिंगच्या नावाचा वेश घेऊन येते, म्हणून ती वाचतानाही डोळ्यांतून निसटते.

मग एडिटर बनवणारे असे बदल का करतात? त्यांना दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. नव्याने येणारा माणूस फोनवर आणि ब्राउझरमध्ये वाढलेला असतो. तेथे यादीतले निवडायचे तर एंटर, हे त्याच्या हातात पक्के बसलेले असते आणि एंटरने काही निवडले गेले नाही की त्याला एडिटरच बिघडल्यासारखे वाटते. शिवाय सोय आतून नव्याने लिहिली जाते तेव्हा जुन्या वागण्यातल्या बारीकसारीक गोष्टी कोठेही लिहून ठेवलेल्या नसतात. त्या केवळ वापरणाऱ्यांच्या हातांत असतात, आणि नवे लिहिणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. माझी तक्रार बदलाबद्दल नाही. नव्याने येणाऱ्यासाठी ठरलेले वागणे बदलावे, पण ज्याच्या संगणकावर एडिटर आधीपासून आहे त्याच्याकडे जुनेच वागणे चालू ठेवून नवे हवे का हे एकदा विचारावे. हे करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अपडेटच्या वेळी जुनी आवृत्ती होती हे एडिटरला माहीत असतेच.

मराठीत लिहिणाऱ्यांना यात आणखी एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. फाइलमधले शब्द गोळा करायचे तर शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे एडिटरला ठरवावे लागते. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले नियम देवनागरीत फसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या सामायिक यादीत, वेलांटी, उकार आणि अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत आणि त्यांची गणना अक्षरांत होत नाही. पायथॉनच्या नेहमीच्या शोध-साधनाला ‘किंमत’ या शब्दातून ‘शब्दात बसणारी अक्षरे’ वेगळी काढायला सांगितली तर ते ‘क’ आणि ‘मत’ असे दोन तुकडे हातात देते. जावास्क्रिप्ट या भाषेत अशा अक्षरांसाठी असलेली खूण तर देवनागरीचे एकही अक्षर ओळखत नाही. एडिटरच्या नव्या आवृत्तीत शब्द तोडण्याचा नियम अशा खुणेवर बेतला गेला तर कालपर्यंत नीट पुरा होणारा ‘किंमत’ आज यादीतून नाहीसा होतो किंवा तिथे नुसता ‘मत’ दिसू लागतो.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘य’ असतात. पडद्यावर आणि छापील पावतीवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एडिटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. आमच्या पावतीच्या मजकुरात एकाने एका कीबोर्डवरून आणि दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून लिहिलेले ‘शेतकऱ्याचे नाव’ कितीतरी दिवस शेजारी शेजारी राहिले होते. यादीत तोच शब्द दोनदा का दिसतो हे तेव्हा कोणालाच कळत नव्हते. येथे ऑटोकम्प्लीटचा दोष नाही. उलट त्याच्यामुळेच ही दुहेरी उघड झाली आणि आम्ही सगळा मजकूर एकाच पद्धतीत आणला.

अहिराणीचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीचा, अनुभव याहून बोलका आहे. अमळनेरच्या बाजूच्या एक ताई आपल्या आईच्या आणि आत्याच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेत आहेत. मोठ्या भाषांसाठी जशी तयार शब्दयादी मिळते तशी त्यांच्या एडिटरमध्ये अहिराणीसाठी कोणतीही नाही. म्हणून फाइलमधल्या शब्दांवर चालणारी जुनी, साधी पद्धतच त्यांच्या उपयोगाची आहे: ‘आते’, ‘आठे’, ‘राहिना’ हे शब्द त्यांनी एकदा लिहिले की पुढे आपोआप सुचतात आणि त्यांचे लेखनही एकसारखे राहते. काही एडिटरांत मात्र नियम असा असतो की दुसऱ्या एखाद्या शहाण्या स्रोताकडून सुचवण्या मिळाल्या तर फाइलमधले शब्द दाखवायचेच नाहीत. ताईंच्या एडिटरमध्ये असाच एक मराठी शब्द सुचवणारा जोड-प्रोग्राम कोणीतरी मदत म्हणून बसवून दिला आणि त्या दिवसापासून ‘आते’च्या जागी यादी ‘आता’ सुचवू लागली. त्यांनी पंधरा दिवस हे आपलेच चुकते आहे असे समजून सोसले. तो जोड-प्रोग्राम काढून टाकला तेव्हा त्यांचे शब्द परत आले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुचवण्या यादीत येत नाहीत. कर्सरच्या पुढे फिकट अक्षरांत अख्खी ओळ किंवा अनेक ओळी तरंगताना दिसतात, आणि टॅब दाबला की त्या खऱ्या होतात. त्यामुळे वर ज्या टॅबला मी सुरक्षित म्हटले त्याचाही येथे भरवसा राहत नाही. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला अर्थ असतो, आणि ती जागा सोडायला लोक टॅबच दाबतात. तेवढ्यात फिकट ओळ आली तर जागेऐवजी परका मजकूर फाइलमध्ये उतरतो. यातला वेळेचा प्रश्न आणखी तीव्र आहे, कारण ही सुचवणी बहुधा इंटरनेटवरून येते आणि आमच्याकडे नेट कोणत्या क्षणी वेग धरेल हे सांगता येत नाही. पैशांच्या हिशोबाच्या फाइलींत मी ही सोय बंद ठेवतो, आणि एखादी नवी भाषा शिकताना चालू ठेवतो.

उपायांपैकी पहिला अगदी सोपा आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरत असाल तर सेटिंगच्या शोधचौकटीत ‘अ‍ॅक्सेप्ट सजेशन ऑन एंटर’ शोधा. तेथे तीन पर्याय दिसतात. ‘ऑन’ ठेवले तर एंटरने शब्द घेतला जातो, ‘ऑफ’ केले तर एंटर फक्त नवी ओळ देतो. ‘स्मार्ट’मध्ये शब्द घेतल्याने मजकुरात खरोखर बदल होणार असेल तरच तो घेतला जातो. ‘स्मार्ट’ने दोनदा एंटर दाबण्याची कटकट वाचते, पण माझ्या पावतीतली चूक त्याने टळली नसती, कारण तेथे बदल होणारच होता. म्हणून मी ‘ऑफ’ सुचवतो. त्याच्याच शेजारी कमिट कॅरेक्टरची सेटिंग आहे, तीही पाहून घ्यावी. विम वापरणाऱ्यांसाठी ‘कम्प्लीटऑप्ट’ या पर्यायात ‘नोसिलेक्ट’ आणि ‘नोइन्सर्ट’ अशा दोन वेगळ्या किमती आहेत: पहिली यादीतला एकही शब्द आधीपासून निवडून ठेवू देत नाही आणि दुसरी तुम्ही निवड करेपर्यंत मजकुरात काही घालू देत नाही. कोणत्याही एडिटरमध्ये यादी स्वतःहून उघडणे बंद करून ती फक्त कंट्रोल-स्पेसने मागवणे हा आणखी एक मार्ग आहे. ज्यांचा टायपिंगचा वेग चांगला आहे त्यांना तो काही दिवसांत आवडू लागतो.

दुसरा उपाय थोडा चमत्कारिक वाटेल, पण फार कामाचा आहे. जे वागणे आज आपोआपच तुमच्या मनासारखे आहे, तेही सेटिंगच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहून ठेवा. अपडेटमध्ये बदलतात ते ‘वापरणाऱ्याने काही सांगितले नसेल तर असे वागावे’ या प्रकारचे नियम. तुम्ही स्वतः लिहिलेल्या ओळीला अपडेट सहसा हात लावत नाही. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवली तर नव्या संगणकावरही तेच वागणे मिळते आणि केव्हा काय बदलले याची नोंदही राहते. हंगामाच्या दिवसांत एडिटरचे आपोआप अपडेट होणे बंद ठेवावे आणि काम ओसरल्यावर बदलांची यादी वाचून ते करावे. त्या यादीत ‘सजेशन’, ‘कम्प्लीशन’ आणि ‘डीफॉल्ट’ हे तीन शब्द शोधले तरी बहुतेक धोके सापडतात.

तक्रार करायची झाल्यास ती नेमकी करावी. ‘नव्या आवृत्तीने सगळे बिघडवले’ असे लिहिल्याने कोणाला काही कळत नाही. कोणत्या आवृत्तीत कोणती अक्षरे लिहिली, यादीत वर काय होते, कोणते बटण दाबले, काय उमटले आणि जुन्या आवृत्तीत काय उमटत होते, एवढे लिहिले की बनवणाऱ्याला तोच प्रसंग आपल्या संगणकावर घडवून पाहता येतो. मी तसे कळवले तेव्हा आठवडाभरात उत्तर आले. शब्द पूर्ण लिहिलेला असेल तर अलीकडच्या वापराचा नियम त्याच्यावर लावू नये, एवढी दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. एंटरचा नवा अर्थ मात्र त्यांनी कायम ठेवला आणि तो मला माझ्याकडे बंद करावा लागला.

आता माझ्याकडे ‘चाचणी’ नावाची दोन ओळींची एक फाइल आहे. पहिल्या ओळीत ‘वजन’ आणि ‘वजन_पक्के’ ही दोन नावे आहेत. एडिटरचे अपडेट झाले की दुसऱ्या ओळीवर मी आधी ‘वजन_पक्के’ यादीतून पाच-सहा वेळा घेतो, मग ‘वजन’ लिहितो, यादी उघडेपर्यंत थांबतो आणि एंटर दाबतो. कर्सर तिसऱ्या ओळीवर गेला आणि वरचा शब्द जसाच्या तसा राहिला, तरच पावत्यांची फाइल उघडतो. त्यानंतरही पहिली चाचणी-पावती मुनीमजींना वाचायला देतो.